छत्तीस फोटोंचा रोल आणि आपली लेकरं



पाऊस माघारी फिरला आहे. सोयाबीन काढून झालं, बाजरी खळ्यावर आली, बांधावर कारळा पिवळाधमक फुलला आहे. घरोघरी घट बसायची तयारी चालू आहे. आणि आपल्या भागात याच दिवसांत मुकादमाच्या फेऱ्याही वाढतात. उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. काही लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ मागं राहतात. मग पाच-सहा महिने माय एकीकडे आणि लेकरू दुसरीकडे.

म्हणून आजच्या गप्पा फोटोच्या. शरदातल्या उन्हात, घराबाहेर, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यानं मुलांचे चांगले फोटो कसे काढायचे, हे आज सांगणार आहोत. एक फोटो आईच्या पिशवीत जावा आणि एक आजीच्या पेटीत राहावा, एवढंच त्यातून साधायचं आहे.

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना रोल कशाला? प्रश्न रास्त आहे. फोनवर फोटो फुकट निघतो. पण फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, मेमरी भरली म्हणून पोरंच जुने फोटो पुसतात. कोपीवर चार्जिंगची सोय नसेल तर फोटो असून दिसत नाही. रोलचा फोटो कागदावर येतो आणि त्याची निगेटिव्ह घरात राहते. कागद हरवला तरी निगेटिव्हवरून पुन्हा प्रिंट काढता येते. तुमच्या लग्नातल्या निगेटिव्ह कुठल्याशा डब्यात असतील तर काढून बघा. कोरड्या राहिल्या असतील तर आजही त्यांवरून फोटो निघेल.

रोल महाग आहे, हे आधीच सांगतो. रोलची किंमत, धुलाई आणि प्रिंट मिळून एकटीच्या खिशाला जड जातं. पण एका रोलवर छत्तीस फोटो येतात. गटानं वर्गणी काढली तर बारा लेकरांचे प्रत्येकी तीन, नाहीतर अठरा लेकरांचे प्रत्येकी दोन फोटो होतात. ज्यांच्या घरातून कोयता जाणार आहे त्यांची लेकरं आधी घ्यायची, असा नियम गटानं करावा असं आम्हाला वाटतं.

रोल म्हणजे काय ते थोडक्यात समजून घेऊ. प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीचे क्षार असतात. त्यांवर उजेड पडला की आत बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. धुलाईच्या रसायनात पट्टी बुडवली की चित्र उमटतं. ते उलटं असतं, काळे केस पांढरे आणि पांढरा सदरा काळा. हीच निगेटिव्ह. रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते, ती खराब झाली असं समजू नका. पूर्वी तामिळनाडूत उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता आणि तिथं ‘इंदू’ नावाचा कृष्णधवल रोल बनायचा. तो कारखाना बंद पडला. आता रोल बाहेरून येतात, म्हणूनही महाग पडतात.

रोलच्या डबीवर १००, २०० किंवा ४०० असा आकडा असतो. आकडा मोठा तितका रोल कमी उजेडात चालतो. सकाळच्या उन्हात काढायचं असेल तर २०० चा घ्या. सावलीत किंवा संध्याकाळी काढायचं असेल, किंवा कॅमेरा साधा, फक्त बटण दाबायचा असेल, तर ४०० चा बरा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला, तारीख उलटलेला रोल स्वस्तात मिळतो. तो या कामाला घेऊ नका. रंग फिके येतात आणि लेकरू तर फडावर निघून गेलेलं असतं.

आता कॅमेरा. कोणाच्या तरी कपाटात, माळ्यावर जुना कॅमेरा सापडतोच. नसेल तर तालुक्याच्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे विचारा. रोल भरण्याआधी त्याची तपासणी करा. सेल काढून बघा. जुने सेल फुटून हिरवा-पांढरा चुरा झाला असेल तर तो कोरड्या कापडानं पुसा आणि नवे सेल घाला. मग पाठीमागचं झाकण उघडा, कॅमेरा खिडकीकडे धरा आणि बटण दाबा. आतून उजेडाची उघडझाप दिसली तर शटर चालू आहे. झाकणाच्या कडेला काळा स्पंज किंवा दोरा असतो. तो झिजला असेल तर आत उजेड शिरतो आणि फोटोवर तांबडे-पिवळे पट्टे येतात. स्टुडिओवाल्याकडून तो बदलून घ्या.

रोल नेहमी सावलीत भरायचा. रोलची जीभ ओढून दुसऱ्या बाजूच्या खाचेत घाला आणि पट्टीच्या कडेची भोकं दात्यांवर बसली का ते पाहा. झाकण लावून दांडा फिरवा. हातानं गुंडाळायच्या कॅमेऱ्यात डावीकडं एक घुंडी असते. आधी ती हलक्या हातानं फिरवून सैलपणा काढा. मग दांडा फिरवताना ती घुंडीही आपोआप फिरायला हवी. फिरली तर रोल पुढं सरकतो आहे. फिरत नसेल तर रोल जागेवरच आहे, आणि छत्तीस वेळा बटण दाबूनही हाती कोरी पट्टी येईल. एवढी एक खूण प्रत्येकीनं पाठ करावी.

आता या ऋतूच्या उजेडाबद्दल. मे महिन्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. ऑक्टोबरपर्यंत तो दक्षिणेकडं कललेला असतो. पावसानं हवेतली धूळ बसवलेली असते, म्हणून आभाळ निळं दिसतं आणि रंग उजळ येतात. पण ऑक्टोबरचं दुपारचं ऊन मोठं कडक. त्यात डोळे बारीक होतात, कपाळ चमकतं आणि डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं. दहा ते चार या वेळात उघड्यावर फोटो काढूच नका. सकाळी सूर्य उगवल्यापासून साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन तिरकं आणि मऊ असतं. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पुढं रोज थोडा लवकरच. म्हणजे हातात दीड तास असतो. त्या हिशेबानं मुलं गोळा करा.

सावली कुठली निवडायची तेही कळायला हवं. कडुनिंबाखाली ठिपक्यांची सावली पडते. डोळ्यांना ती गोड वाटते, पण फोटोत चेहऱ्यावर पांढरे डाग उमटतात. त्यापेक्षा ओसरीची, गोठ्याची, शाळेच्या भिंतीची अखंड सावली घ्या. लेकराला सावलीच्या कडेला, तोंड उघड्या आभाळाकडं करून बसवा. फार आत नेऊ नका, तिथं उजेड मरतो. एखादीनं पांढरं धोतर किंवा चादर लेकराच्या बाजूला ताणून धरली तर तिच्यावरचा उजेड गालावर पडतो आणि काळी बाजू उजळते.

मागं काय आहे तेही पाहा. सारवलेली भिंत, तुरीचं हिरवं रान, रचलेली वैरण चांगली दिसते. डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसेल तर दोन पावलं बाजूला सरका.

ज्या कॅमेऱ्यावर आकडे फिरवायची सोय आहे, त्याला घाबरू नका. दारं धरणाऱ्या बाईला हे सहज कळेल. वाफ्यात किती पाणी गेलं ते दोन गोष्टींवर ठरतं, दार किती उघडलं आणि किती वेळ उघडं ठेवलं. कॅमेऱ्यातही तसंच. लेन्सवरचा आकडा म्हणजे दार किती उघडं. इथं हिशेब उलटा असतो, आकडा लहान तितकं दार मोठं. शटरचा आकडा म्हणजे किती वेळ. १२५ म्हणजे एका सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग.

रोल २०० चा असेल तर शटर १२५ वर ठेवा. मऊ उन्हात चेहरा असेल तर लेन्सवर ११ लावा. उघड्या आभाळाखालच्या सावलीत ५.६ लावा. सूर्य बुडायला आला असताना सावलीत ४, आणि कॅमेऱ्यावर असेल तर २.८. शटर १२५ च्या खाली आणू नका, कारण लेकरं हलतात. आकड्याबद्दल शंका आली तर उजेड थोडा जास्तच द्या. रंगीत निगेटिव्हच्या रोलला जास्त झालेला उजेड बऱ्यापैकी झेपतो, कमी पडला तर मात्र चेहरा मातकट, दाणेदार येतो.

फक्त बटण असलेल्या कॅमेऱ्यात हे आकडे नसतात. तिथं एकच जपायचं, पाच फुटांपेक्षा जवळ जायचं नाही. त्याच्या आत चेहरा पुसट येतो. अंतर धूसर-स्पष्ट करता येणारा कॅमेरा असेल तर लेकराचा आपल्याकडचा डोळा स्पष्ट दिसेपर्यंत लेन्स फिरवा.

आता रंगाचं बोलू. आपली बहुतेक लेकरं सावळी आहेत. सावळं लेकरू पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढं उभं केलं की कॅमेऱ्याचं मीटर त्या भिंतीला भुलतं. उजेड फार आहे असं समजून ते दार बारीक करतं, आणि चेहरा काळवंडतो. यावर दोन उपाय आहेत. एकतर मातीची किंवा हिरवी पार्श्वभूमी घ्या. नाहीतर जवळ जाऊन चेहऱ्यावर मीटर धरा आणि तोच आकडा ठेवून मागं या. संध्याकाळी सूर्य लेकराच्या पाठीशी असेल तेव्हाही असंच करा. त्या वेळी केसांच्या कडा सोन्यासारख्या चमकतात, पण चेहऱ्यासाठी दार एक घर जास्त उघडावं लागतं आणि लेन्सवर ऊन पडू नये म्हणून तळहाताची सावली धरावी लागते.

यातला सगळा दोष उजेडाचा नाही. अमेरिकेत फोटोच्या लॅबमध्ये रंग जुळवायला अनेक वर्षं एका गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून ठेवत. त्या नमुन्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी नीट दिसली म्हणजे रंग बरोबर, असा हिशेब. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्यात बसत नव्हते. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांचे नमुने फार उशिरा, विसाव्या शतकाच्या शेवटी आले. आणि आपल्याकडं काय होतं? प्रिंट काढणारा विचारतो, “जरा गोरं करू का?” त्याला सांगा, लेकरू जसं आहे तसंच छाप. आईला सहा महिने बघायचा आहे तो तिच्या लेकराचा खरा चेहरा.

पावडर-टिकलीचंही तेच. तोंड धुवा, नाक पुसा, केस विंचरा आणि थांबा. पावडर उन्हात पांढरी फटक दिसते. कपडे रोजचे असले तरी चालतात. भोंडल्याला निघालेल्या पोरी असतील तर त्यांचे परकर आहेतच.

लेकराला “हस, हस” म्हणू नका. म्हटलं की ते दात दाखवतं आणि डोळे घाबरलेले राहतात. हाताला काहीतरी द्या. सागरगोटे, भोवरा, कणीस, शेळीचं पिल्लू. ते रमलं की तुम्ही खाली बसा, अगदी मांडी घालून, म्हणजे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल. उभ्यानं काढलेल्या फोटोत लेकरू नुसतं डोकं आणि पाय दिसतं. आईला तुमच्या पाठीशी बसवा. लेकरू आईकडं बघेल तेव्हा कॅमेऱ्याकडंच बघेल. त्याचं नाव एकदाच हाक मारा आणि त्यानं वर पाहिलं की बटण दाबा. श्वास रोखून, कोपरं अंगाला टेकवून, हळू.

फोनवर आपण वीस काढतो आणि त्यातला एक ठेवतो. रोलवर दोनच आहेत, म्हणून प्रत्येक लेकराजवळ पाच-दहा मिनिटं बसावं लागतं. त्याला कशाचा राग येतो, कुठं गुदगुल्या होतात, दात कधी पडला, हे त्या वेळात कळतं. घरात चार पोरं असली की एकेकट्याकडं एवढं लक्ष कोण देतं? रोलमुळं ते द्यावंच लागतं, आणि फोटोत ते उतरतं.

लेकराला नको असेल तर काढू नका. आईला, आजीला विचारल्याशिवायही नको. रडत असेल तर त्याची पाळी शेवटी ठेवा. आणि हे फोटो पुन्हा फोनवर काढून दहा ग्रुपांवर फिरवू नका. लेकराचा चेहरा घरच्यांसाठी आहे.

वाटणीत एक गोष्ट पाहा. आपल्या घरातल्या पेटीतले फोटो काढून मोजा. थोरल्या मुलाचे किती आणि तिसऱ्या मुलीचे किती? म्हणून आम्ही म्हणतो, वहीत नावं लिहा आणि नावापुढं आकडा लिहा. मुलगा असो, मुलगी असो, प्रत्येकाला सारखेच फोटो. दोन असतील तर एक जवळून चेहऱ्याचा, दुसरा पूर्ण उभा. आजीजवळ राहणाऱ्याचा दुसरा फोटो आजीबरोबर घ्या. कितव्या फोटोत कोण आहे हेही लिहून ठेवा. प्रिंट येतील तेव्हा कोणाचं काय ते लगेच कळेल.

बटण कोण दाबणार? गटातलीच कोणीतरी. “कॅमेरा बायकांचं काम नाही” असं कोणी म्हणालं तर होमाई व्यारावाला यांचं नाव सांगा. १९१३ साली गुजरातेत नवसारीला जन्मल्या, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, आणि वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या देशातल्या पहिल्या बाई ठरल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून येत. पुढं स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी रोलवर टिपली. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्यांनी काम केलं. आपल्याला तर फक्त गावातली अठरा लेकरं टिपायची आहेत.

रोल संपला की दांडा अडतो. जोर लावू नका. कॅमेऱ्याच्या बुडाशी बारीक बटण असतं, ते दाबून घुंडीनं रोल परत गुंडाळा. पूर्ण सैल लागेपर्यंत झाकण उघडायचं नाही. उघडलंत तर उजेडानं फोटो जातात. काही कॅमेरे आपोआप गुंडाळतात, त्यांचा आवाज थांबेपर्यंत थांबा.

रोलला उष्णता सोसत नाही. पत्र्याखाली, गाडीच्या डिकीत, चुलीजवळ ठेवू नका. माठाजवळच्या गार कोपऱ्यात, पण कोरड्या डब्यात ठेवा आणि लवकर धुवायला द्या. रंगीत रोल घरी धुणं सोपं नाही. त्याचं पहिलं रसायन साधारण ३८ अंशांवर, सव्वातीन मिनिटं, असं मोजून वापरावं लागतं. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत रोल धुणारे अजून आहेत. तालुक्याचा स्टुडिओवाला कुरिअरनं पाठवतो का ते विचारा आणि भाव आधी ठरवा. एक वाक्य मात्र पावतीवर लिहूनच घ्या, “निगेटिव्ह परत पाहिजे.” मागितली नाही तर काही ठिकाणी ती टाकून देतात.

जाण्या-येण्याला दहा-पंधरा दिवस धरा. म्हणजे घट बसतात त्या सुमाराला फोटो काढले तर दिवाळीआधी प्रिंट हातात येतात. तुमची टोळी दसऱ्यालाच निघत असेल तर पाऊस उघडताच, पितृपंधरवड्यातच उरकून घ्या. फोटो काढायला कसला आलाय अशुभ दिवस!

प्रत्येक फोटोच्या दोन प्रिंट काढा. फडावर जाणारी लॅमिनेट करून घ्या, तिथं दव असतं, धूर असतो. घरी राहणारी वहीच्या पानांत ठेवा. मागं पेन्सिलीनं लेकराचं नाव, वय आणि साल लिहा. निगेटिव्ह कागदी पाकिटात घालून कोरड्या डब्यात, गटाच्या हिशेबाच्या वह्यांशेजारी ठेवा. तिच्यावर बोटं लावायची नाहीत, कडेनं धरायची.

तर पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. कोणाकडं कॅमेरा आहे ते विचारा. वर्गणी ठरवा. ज्या घरांतून कोयता जाणार आहे त्यांच्या लेकरांची नावं वहीत वर लिहा. आणि एका संध्याकाळी साडेचार वाजता, एक पांढरी चादर घेऊन, शाळेच्या भिंतीपाशी जमा.

फोटो आले की आम्हाला सांगा. तोवर नमस्कार.